मावशीला जबलपूरला आणा

फार्सला हलकं म्हणणाऱ्यांशी माझं उघड भांडण आहे. आपल्या मंडळांत नाटक निवडायची बैठक बसते, कुणीतरी फार्सचं नाव काढतं आणि एखादे काका लगेच म्हणतात, "अरे, जरा वजनदार काहीतरी करा. नुसतं हसवायचं त्यात काय मोठंसं!" तिथेच विषय संपतो. हे मत चुकीचं आहे, आणि जबलपूरच्या मराठी रंगमंचाचं त्यानं नुकसान केलं आहे. शोकांतिकेत नट चार ओळी विसरला तरी प्रेक्षक सांभाळून घेतात. फार्समध्ये एक दार अर्धा सेकंद उशिरा उघडलं, तर हातातलं हसू गेलंच.

या आठवड्यात मला बोलायचंय ते एका मावशीबद्दल. 1982 साली स्पेनमध्ये 'ला तिया दे कार्लोस' हा विनोदी चित्रपट आला. नाव ऐकून परकं वाटेल, पण गोष्ट आपल्या घरातली आहे. कार्लोसची मावशी म्हणजे आपल्या मोरूची मावशी! दिग्दर्शक लुईस मारिया देल्गादो, आणि मावशी झाला होता पाको मार्तीनेस सोरिया. हा 1902 सालचा जन्म. रंगभूमीवर लोकांना हसवण्यात त्याचं आयुष्य गेलं, बार्सिलोनात त्यानं स्वतःचं नाट्यगृह चालवलं. ऐंशीच्या उंबरठ्यावर बाईचे कपडे घालून तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. हा त्याचा शेवटचा चित्रपट. 1982 च्या फेब्रुवारीत तो गेला. ज्या माणसाला नाटक, सिनेमा सगळं मिळालेलं होतं, त्यानं शेवटचं काम म्हणून फार्स केला. आपल्या काकांनी याचा विचार करावा.

या मावशीचा मूळ जन्म इंग्लंडचा. ब्रँडन थॉमस या नट-लेखकाचं 'चार्लीज आंट' 29 फेब्रुवारी 1892 रोजी बेरी सेंट एडमंड्स या लहान गावात पहिल्यांदा झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते लंडनला आलं आणि तिथे सलग 1466 प्रयोग चाललं. त्या काळातला तो विक्रमच. पुढे मावशी जगभर फिरली. 1925 च्या मूकपटात चार्ली चॅप्लिनचा भाऊ सिड चॅप्लिन मावशी झाला, 1941 मध्ये अमेरिकेत जॅक बेनी झाला, 1956 मध्ये जर्मनीत हाइन्झ र्‍यूमान झाला. 1975 मध्ये तर सोव्हिएत दूरचित्रवाणीनं अलेक्सांद्र काल्यागिनला घेऊन तिचा चित्रपट केला. भांडवलशाही, साम्यवाद, राजेशाही, सगळीकडे ही बाई पाहुणी म्हणून गेली आणि सगळीकडे तिला पाट मांडला गेला.

मराठीत तिला आणलं आचार्य अत्र्यांनी. नुसतं आणलं नाही, तिला आपल्या भाषेत बोलायला लावलं. 1948 मध्ये तिचा चित्रपटही झाला. साठच्या दशकात रंगमंचावर बापूराव माने मावशी झाले. मग ऐंशीच्या दशकात 'सुयोग' या नाट्यसंस्थेनं दिलीप कोल्हटकरांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा आणलं आणि विजय चव्हाणांनी मावशीला घराघरांत पोचवलं. सोबत प्रशांत दामले, प्रदीप पटवर्धन अशी ताज्या दमाची पोरं. विजय चव्हाण 2018 मध्ये गेले, पटवर्धन 2022 मध्ये. आज चाळिशी-पन्नाशीतल्या कुठल्याही मराठी माणसासमोर मावशीचं नाव काढा, त्याच्या डोळ्यांपुढे चव्हाणांचीच मावशी उभी राहते.

आता प्रश्न असा की, ऑक्सफर्डच्या कॉलेजातली गोष्ट पुण्या-मुंबईत चालली कशी आणि माद्रिदमध्ये चालली कशी? पुरुष बाईचे कपडे घालतो म्हणून? मुळीच नाही. तसं असतं तर टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांतला प्रत्येक साडीतला नट अजरामर झाला असता. छाती फुगवायची, कंबर हलवायची, आवाज चिरका काढायचा आणि बाईच्या जातीची टवाळी करायची, याला मी फार्स मानत नाही. तो निव्वळ अपमान आहे, आणि तो पाहून हसायला मला जमत नाही.

मूळ गोष्ट आठवा. दोन विद्यार्थ्यांना आपल्या आवडत्या मुलींना खोलीवर जेवायला बोलवायचं आहे. मुली यायला तयार आहेत, पण घरात एखादी वडीलधारी बाई हजर असल्याशिवाय येणार नाहीत, कारण तसा रिवाज आहे. चार्लीची श्रीमंत विधवा मावशी ब्राझीलहून यायची आहे, म्हणून निमंत्रण गेलंय. ऐन वेळी तार येते: मावशीचं येणं लांबलं. मुली दारात. तिसरा मित्र हौशी नाटकासाठी म्हाताऱ्या बाईचे कपडे घेऊन आलेला. त्याला धरून मावशी केलं जातं. मग एका पोराचे वडील आणि मुलींचे पालक, दोघंही या मावशीच्या पैशावर डोळा ठेवून तिच्यामागे लागतात. आणि खरी मावशी येऊन दाखल होते.

यात सगळं चालतं ते त्या रिवाजावर. वडीलधारं माणूस हवं, हा नियम सगळ्यांना मान्य आहे. तो मोडायची कुणाची छाती नाही आणि पाळायची कुणाची सोय नाही. म्हणून खोटं बोलावं लागतं. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, आणि वर घड्याळ चालूच. फार्सचं इंजिन हे आहे. जिथे नियम कडक आणि माणसं भली, तिथे फार्स पिकतो. ज्या गावात कुणालाच कशाची लाज वाटत नाही, तिथे फार्स होऊ शकत नाही. अत्र्यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्या काळच्या मराठी घरात लग्नाच्या मुलीला परक्या मुलांच्या खोलीवर पाठवणं ऑक्सफर्डपेक्षाही अवघड होतं. म्हणून मावशी इथे आल्या आल्या रुळली.

आणि मावशी करणाऱ्या नटाबद्दलही एक सांगून ठेवतो. बालगंधर्व स्टेजवर आले की हा पुरुष आहे हे लोक विसरायचे, त्यातच त्यांची थोरवी होती. मावशीचं अगदी उलट. हा पुरुष आहे हे प्रेक्षकांनी एक क्षणही विसरता कामा नये. त्याला बाई व्हायचं नसतं, त्याला पकडलं जायचं नसतं. तो प्रत्येक क्षणी घाबरलेला असतो, आणि त्या भीतीवर आपण हसतो, त्याच्यासाठी जीव मुठीत धरूनच हसतो. विजय चव्हाणांना हे साधलं होतं. त्यांच्या मावशीत बाईची टिंगल नव्हती. अडकलेल्या माणसाची तारांबळ होती.

मला एका मंडळाची तालीम आठवते. सेट म्हणजे प्लायवुडच्या तीन चौकटी, त्यांना बिजागऱ्यांवर बसवलेली दारं. दिग्दर्शक एक शाळामास्तर. त्यांनी सगळी संध्याकाळ संवादाला हात लावला नाही. फक्त दारं. डावीकडून हा आत, दार बंद. त्या बंद होण्याच्या आवाजावर उजवीकडून ती बाहेर. मध्ये ट्रे घेतलेला पोरगा दोघांनाही पाठमोरा. पोरगा प्रत्येक वेळी वळायचा. मास्तर म्हणायचे, "बाळा, तू वळलास तर तुला ते दिसतील, आणि तुला दिसले तर नाटक संपलं." पोराला दर वेळी मान वळवावीशी वाटायची, कारण मागे काय चाललंय हे त्याला ठाऊक होतं. बऱ्याच वेळानं एकदाची मान स्थिर राहिली. बाजूला बसलेल्या आज्या-काकू संवादाविनाच हसायला लागल्या. नाटकाची मेहनत काय असते हे मी त्या संध्याकाळी पाहिलं. वजनदार म्हणायचं तर मी त्या मास्तरांच्या कामाला म्हणेन.

त्या पाठमोऱ्या पोराचा मुद्दा सिनेमाकडे नेतो. फार्सचे चित्रपट बहुतेक वेळा फसतात, त्याचं कारण कॅमेरा. नाटकात लपणारा आणि शोधणारा दोघं एकाच वेळी माझ्या डोळ्यांपुढे असतात. कुणाकडे बघायचं ते मी ठरवतो. कॅमेरा आधी याचा चेहरा दाखवतो, मग त्याचा. कात्री लागली की एकाच वेळी घडणारं एकापाठोपाठ घडायला लागतं, आणि धोका पातळ होतो. रंगमंचावरचा फार्स पडद्यावर नेणाऱ्या दिग्दर्शकानं एकच पथ्य पाळावं: सगळ्यांना एका चौकटीत ठेवावं आणि चौकट मोडू नये. जे मोकळ्या हवेत, बागेत, मोटारीतून पळापळ करायला निघतात, त्यांचा फार्स घराबाहेर पडताच मरतो.

ज्यांनी घर सोडलं नाही ते तरले. सचिन यांचा 'अशी ही बनवाबनवी' 1988 चा. हा हृषीकेश मुखर्जींच्या 1966 सालच्या 'बीवी और मकान' वरून घेतलेला. चार बिनलग्नाच्या तरुणांना भाड्यानं जागा हवी, घरमालकीणबाईंना जोडपीच हवीत. मग लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन बायकांच्या कपड्यांत. चित्रपटात गाणी आहेत, बाहेरची दृश्यं आहेत, पण ज्या प्रसंगांसाठी तो लोक आजही लावतात ते सगळे त्या घरात घडतात, दिवाणखान्यात आणि जिन्यावर. इथेही नियम आधी, साडी नंतर.

स्पेनची मावशी पडद्यावर आली त्याच 1982 साली आपल्याकडे गुलजारांचा 'अंगूर' आला. शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स' वर बेतलेला, संजीवकुमार आणि देवेन वर्मा दोघंही दुहेरी भूमिकेत. मला त्यातली एक गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. गुलजारांनी शेक्सपिअरचं ऋण पडद्यावर मान्य केलं, त्याची तसबीर दाखवली. शेक्सपिअरनं तरी हे कथानक कुठून घेतलं? प्लॉटस या रोमन नाटककाराकडून. फार्समध्ये उसनवारी ही चोरी नाही, पण उसनं घेतल्याचं सांगावं लागतं. आपल्या उत्सवी कार्यक्रमपत्रिकांवर दिग्दर्शक असतो, प्रकाशयोजना असते, चहा देणाऱ्या प्रायोजकाचं नाव तर ठळक असतं. लेखकाचं नाव अनेकदा नसतंच. हे थांबलं पाहिजे. लेखकाला विसरून त्याच्या विनोदावर टाळ्या घेणं मला अजिबात मान्य नाही.

आता जबलपूर. विनोबांनी या शहराला 'संस्कारधानी' म्हटलं आणि आपण ते नाव अभिमानानं मिरवतो. मग ऐका: संस्कारधानीइतकी फार्सची सुपीक जमीन दुसरी कुठली असणार! इथे नियम जिवंत आहेत. राइट टाउन, नेपियर टाउनच्या गल्ल्यांतून फिरा. फाटकावर पाटी असते, खोली केवळ परिवारासाठी. इंजिनिअरिंग कॉलेज 1947 पासूनचं, मेडिकल कॉलेज आहे, हायकोर्ट आहे, पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. बाहेरगावची एकटी पोरंपोरी या शहरात दरवर्षी येतात आणि दरवर्षी त्या पाटीपुढे उभी राहतात. 'बनवाबनवी'चा पहिला अंक आपल्या दारात रोज लिहिला जातोय, आणि आपण मात्र मंडळात जुन्या नाटकांच्या याद्या चाळतोय.

आणखी एक जागा सांगतो. गन कॅरेज फॅक्टरी 1904 पासूनची. खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि व्हेइकल फॅक्टरी त्यानंतरच्या. या कारखान्यांच्या वसाहतींत क्वार्टर हुद्द्याप्रमाणे मिळतं आणि पोटभाडेकरू ठेवायला बंदी असते. एका क्वार्टरात गावाकडचा पुतण्या, लग्नाला आलेली पाहुणे मंडळी, आणि त्याच दिवशी तपासणीचा साहेब, एवढं पुरे आहे. दारं तीन लागतात, ती क्वार्टरला असतातच. मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या या वसाहतींत वाढल्या. त्यांच्याकडे असे किस्से पोत्यानं असतील. ते लग्नाच्या पंगतीत सांगून संपवायचे की रंगमंचावर आणायचे, हे आता ठरवायला हवं.

विनोदाची परंपरा या शहराला उसनी आणावी लागत नाही. हरिशंकर परसाई इथे राहिले, इथेच 1995 मध्ये गेले. त्यांचं व्यंग्य रंगमंचावर उभं राहतं हे इथल्या 'विवेचना' या नाट्यसंस्थेनं दाखवून दिलं. 'निठल्ले की डायरी' अरुण पांडेय यांनी बसवलं. रघुवीर यादव याच शहराचे, घरातून पळून पारशी नाटक कंपनीत गेले आणि तिथे वर्षानुवर्षं राबून नट झाले. जया भादुरी यांचा जन्म इथला. 'चुपके चुपके'त त्यांनी बनवाबनवीच्या खेळात किती सहज काम केलंय ते पुन्हा पाहा. पृथ्वी थिएटरमध्ये उभे राहिलेले प्रेमनाथ इथलेच, त्यांनी इथलं एम्पायर थिएटर विकत घेतलं होतं. हिंदी रंगकर्मींनी या शहराची नाटकाची चूल पेटती ठेवली. मराठी माणूस त्यांच्या प्रयोगांना जातो, टाळ्या वाजवतो, घरी येतो. आपण काय केलं? नाटकवेड्या मराठी समाजाचं लेबल आपण छातीवर लावून फिरतो. ते लेबल मिळवावं लागतं, वारशात येत नाही.

अडचणी मला ठाऊक आहेत. मराठी बोलणारी मुलं कमी झालीत, घरात आजीशी मराठी आणि भावाशी हिंदी असं चालतं. पण फार्सला हीच गोष्ट पथ्यावर पडते. दोन भाषांचं घर म्हणजे गैरसमजाचा कारखाना. नागपूरहून आलेली शुद्ध मराठी बोलणारी होणारी सासू, इथला हिंदी वळणाचा जावई, आणि मध्ये दुभाषी म्हणून सापडलेला मित्र, यातून जे होईल ते पुण्यात कुणाला लिहिता येणार नाही. ते जबलपूरचंच असेल. जागेची सबब तर सांगूच नका. शहीद स्मारक आहे, मानस भवन आहे, रामपूरला तरंग आहे.

हक्कांचंही सांगतो, कारण तिथे बरेच जण बिचकतात. अत्रे 1969 मध्ये गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे 'मोरूची मावशी' करायची तर 2029 संपेपर्यंत हक्कदारांची रीतसर परवानगी घ्यावी लागेल, आणि ती घ्यावीच. परसाईंच्या लेखनालाही हाच 60 वर्षांचा नियम लागू. पण ब्रँडन थॉमस 1914 मध्येच गेले. त्यांचं मूळ 'चार्लीज आंट' आज कुणालाही उचलून, जबलपूरच्या मातीत लावून, आपल्या भाषेत नव्यानं लिहिता येतं. स्पेननं केलं, रशियानं केलं. अत्र्यांच्या संवादांना हात न लावता, मूळ इंग्रजीवरून आपली स्वतःची मावशी उभी करा. ब्राझीलऐवजी ती इंदूरहून येऊ दे, ग्वाल्हेरहून येऊ दे, गोंदियाहून येऊ दे. तारेऐवजी मोबाइलवर निरोप येईल एवढंच. तो चुकीच्या माणसानं वाचला की काम झालं.

मंडळांच्या कार्यकारिणीला माझं थेट सांगणं आहे. या गणेशोत्सवात भावगीतांची एक संध्याकाळ कमी करा आणि ती एका तीन अंकी फार्सला द्या. तालमीला पूर्ण वेळ द्या. दारं खरी लावा, पडदे टांगून भागवू नका. आणि पत्रिका छापाल तेव्हा पहिलं नाव लेखकाचं छापा.